भात्याचा दाब

हसण्यासारखं एवढं होतं तरी काय! गाणारे बुवा त्या संध्याकाळी नेहमीसारखे रंगात आले होते. हॉलमधल्या खुर्च्या भरल्या होत्या, कडेला माणसं उभी होती, आणि बुवा कपाळावरचा घाम उपरण्याने टिपत सांगत होते, "एक माणूस होता. देवाकडे इतकं मागायचा, इतकं मागायचा, की एका सकाळी दार वाजलं तसा देव आतूनच ओरडला, देव घरात नाहीत! पण माणूस काय कच्चा होता? तो म्हणाला, मग आतून बोलतंय कोण? देव म्हणाला, मी भाडेकरू." सगळा हॉल खो खो हसला, तशी तीही हसली. तिचं हसू मुळातच मोठं, तोंडभर, आवरता न येणारं. नवरा होता तेव्हा चारचौघांत ती हसायला लागली की हळूच कोपराने ढोसायचा. त्या हसण्याच्या ऐन मध्यावर, तिला काही कळायच्या आत, खाली काहीतरी सुटलं. तिला न विचारता सुटलं. आधी ऊब जाणवली, मग ओल, आणि मग मांडीखालच्या खुर्चीचं कापड. बुवांनी एव्हाना हात छातीवर ठेवला होता आणि 'भाडेकरू' हा शब्द पुन्हा पुन्हा म्हणत, प्रत्येक वेळी थोडा हळू, ते गाण्यात शिरले होते. हसणारी माणसं बघता बघता डोळे पुसायला लागली होती. बुवांची ही हातोटी तिला पाठ होती आणि तरी दर वेळी ती फसायची, आनंदाने फसायची. शेवटच्या ध्रुपदाला सगळ्यांनी उभं राहून आवाज मिसळायचा असतो. सगळे उठले. शेजारच्या टपालवालीने तिच्या दंडावर थाप मारली. टपालवाली आयुष्यभर टपाल कचेरीत शिक्के मारून निवृत्त झालेली, त्यामुळे तिची माया अशीच थापेने यायची. "ऊठ की गं!" "पायाला मुंग्या आल्यात," तिने बसल्या जागेवरून सांगितलं. टपालवाली उठली आणि गायला लागली. ती खालीच बसून राहिली. तिच्या चहूबाजूंनी माणसांच्या कमरा होत्या, पिशव्या होत्या, सदऱ्यांची टोकं होती, आणि वर, खूप वर, ते ध्रुपद चाललं होतं. विहिरीच्या तळाशी बसून वरची माणसं ऐकावीत तसं तिला ते ऐकू येत होतं.

हे अगदीच अचानक आलं असं म्हणता येणार नाही. पाळी जाऊन दोनेक वर्षं झाली होती. आधी शिंकेला थेंबभर, मग बस पकडायला धावताना, मग दुकानाच्या पायऱ्या उतरताना. प्रत्येक वेळी तिने काही ना काही कारण काढलं होतं. चहा जास्त झाला, थंडी पडली. मग तिने पाणीच कमी केलं, ओठ सुकले तरी पेल्याला हात लावायचा नाही, आणि वाटेवरची संडासं कुठे कुठे आहेत याचा एक नकाशा तिच्या डोक्यात आपोआप तयार झाला. कापडाच्या दुकानामागचं, स्टेशनच्या जिन्याखालचं, दवाखान्याचं, तिथला पहारेकरी तोंड वाकडं करतो पण जाऊ देतो. मात्र हॉल त्या नकाशात नव्हता. हॉल ही आठवड्यातली एकच जागा होती जिथे तिला आपल्या शरीराचं भान राहत नसे. नवरा गेला, मुलगा नोकरीसाठी दूर देशी गेला, रविवारी फोन करून "तब्येत?" एवढं विचारायचा, आणि ती "ठीक" एवढं सांगायची. घरात तिच्या आवाजाला दुसरा आवाज मिळायचा नाही. हॉलमध्ये ध्रुपद सुरू झालं की तिचा आवाज टपालवालीच्या जाड्याभरड्या आवाजावर जाऊन बसायचा, आणि दोन्ही मिळून जे काही व्हायचं ते कोणाचंच नसायचं. देव कुठे भेटतो असं तिला कोणी विचारलं असतं तर तिने तीच जागा दाखवली असती, दोन बायकांच्या आवाजांमधली.

त्या दिवशी हॉल रिकामा होईपर्यंत ती मुंग्यांचं सोंग धरून बसली. "तू हो पुढे, मला वेळ लागेल," असं म्हणून तिने टपालवालीला पिटाळलं, मग शाल कमरेला गुंडाळून भिंतीच्या कडेकडेने बाहेर पडली, आणि बसमध्ये जागा असून उभी राहिली. पुढच्या आठवड्यात तिने टपालवालीला फोन केला की घसा बसलाय. घसा हे कारण तिला सोपं वाटलं. घशाची कोणाला लाज वाटत नाही. पण घसा बसला म्हटल्यावर लोक औषधं सांगतात, याचा तिने विचार केला नव्हता. टपालवाली मधाची बाटली घेऊन दारात हजर झाली. बंद दाराआड ती उभी. पंख्याखाली खुर्चीवरची गादी वाळत होती, दोरीवर आतले कपडे होते, आणि खोलीला एक वास होता, किंवा नव्हता. तिला आता स्वतःच्या नाकाचा भरवसा उरला नव्हता. "अगं ए," बाहेरून हाक आली, "घसा बसलाय की तूच बसलीस?" तिला हसू आलं आणि हसू आल्याचीच भीती वाटली. तिने दोन्ही पाय घट्ट आवळले, कडीवर हात ठेवला, आणि तो तसाच राहू दिला. बुवांच्या गोष्टीतला देव निदान आतून बोलला तरी होता. बाटली फरशीवर ठेवल्याचा आवाज आला. मग चपलांचा, मग जिन्याचा. बऱ्याच वेळाने तिने दार उघडलं आणि बाटली उचलून आत घेतली, आणि ती कपाटात अशी मागे ठेवली की रोज दिसू नये.

दुकान दादाचं होतं, तिच्या थोरल्या भावाचं. भात्याची वाद्यं दुरुस्त करायचं दुकान, पायपेट्या, हातपेट्या, अकॉर्डियन, जे काही हवेवर बोलतं ते सगळं. दादाचे कान वयाने मंद झाले होते, म्हणून हवा कुठून निसटते हे ऐकायचं काम तिच्याकडे आलं होतं. "छोटी, हा दम धरतो का बघ," असं म्हणून दादा एखादा भाता तिच्या पुढ्यात सरकवायचा. साठीकडे चाललेल्या बाईला छोटी म्हणणारा जगात तो एकटाच उरला होता. ती भाता पूर्ण भरून घ्यायची, सगळी तोंडं बंद करायची, आणि वरच्या फळीवर दोन्ही तळवे टेकून छातीचा भार द्यायची. चांगला भाता असेल तर तो भार तोलून धरतो. हाताखाली एक जिवंत, हट्टी ताठरपणा जाणवतो. फुटका असेल तर फळी हळूहळू खाली बसते आणि घडीच्या कुठल्यातरी कोपऱ्यातून बारीक सुस्कारा येतो. मग गाल जवळ नेऊन भोक शोधायचं, सरस लावायचा, कातड्याचा तुकडा चिकटवायचा, वाळू द्यायचा, पुन्हा भरायचा, पुन्हा दाबायचा. दोन-तीन वेळा दाबलेला भाता तिसऱ्या वेळी जास्त चांगला धरतो, कातडं बसतं म्हणून. हे तिने इतकी वर्षं केलं होतं की ते तिच्या हातांना ठाऊक होतं, तिला नव्हतं.

शेवटी ती दवाखान्यात गेली तेव्हा डॉक्टरीण बाईंनी तिला आडपडद्याशिवाय विचारलं आणि तिनेही मान खाली घालून सांगून टाकलं. डॉक्टरीण बाई म्हणाल्या, या वयात खालचे स्नायू सैल पडतात, पुष्कळ जणींना होतं, व्यायामाने फरक पडतो, ते स्नायू आवळायचे, थोडा वेळ धरायचे, सोडायचे, रोज नेमाने. बाहेर रांग होती. दाराशी एक तान्हं रडत होतं. "समजलं ना?" असं त्यांनी विचारलं आणि तिला समजलं होतं. म्हणजे तिला वाटलं की समजलं. आवळायचं, धरायचं, दाब टिकतो का बघायचं. घरी येऊन ती पलंगावर पडली आणि तिने भाता भरावा तसा श्वास भरून घेतला, तोंड मिटलं, आणि पोटातून खाली भार दिला. धरला. कानशिलं तापली. सोडला. नेम ही गोष्ट तिला लहानपणापासून प्रिय. ती सकाळी उठल्याबरोबर करायची, दुकानात बाकावर बसून करायची, झोपण्याआधी देवाचं नाव घेऊन करायची. हे करताना एक जुनी खोली तिच्याभोवती आपोआप उभी राहायची. पांढऱ्या फरशा, लोखंडी खाट, पायांशी उभी असलेली लठ्ठ दाई, आणि तिचा ओरडा, "खाली जोर लाव, खाली! आणखी!" शरीराच्या त्या भागाशी कोणी मोठ्याने बोललं होतं ते तेव्हाच. त्याआधी त्याला नाव नव्हतं आणि त्यानंतर मुलगा झाला, पेढीवरचं काम संपावं तशी ती जागा पुन्हा बंद झाली. नवऱ्याने त्याबद्दल शब्द काढला नाही, तिनेही नाही. आता इतक्या वर्षांनी ती तिथे परत गेली होती आणि तिला ठाऊक असलेला एकच शब्द तिने तिथे उच्चारला होता, जोर.

आणि ते वाढत गेलं. आधी शिंकेला व्हायचं ते आता खोकल्याला, खुर्चीतून उठताना, भाता उचलताना व्हायला लागलं. तिने नेम वाढवला. जास्त भार, जास्त वेळ. दुकानात एकदा ती मान खाली घालून, गाल फुगवून बसलेली असताना दादा समोर येऊन उभा राहिला. "छोटी, काय रुसलीस काय? चेहरा बघ टोमॅटो झालाय." "काही नाही, भात्याकडे बघतेय," ती म्हणाली. "भाता तिकडे आहे," दादा म्हणाला, आणि जाता जाता पंखा तिच्याकडे वळवून गेला. त्याच दुपारी टपालवालीचा फोन आला. आवाज नेहमीसारखा मोठा, पण त्यात काहीतरी ताठ होऊन बसलं होतं. "घसा काय म्हणतो? बोलतेस तर चांगली खणखणीत." तिने बोटावरचा वाळलेला सरस नखाने खरवडला. "हे बघ, तुझी जागा मी पिशवी ठेवून धरते. लोक माझ्याकडे बघतात, बाई, म्हणतात हिची मैत्रीण आहे की पिशवी? एक नवी येते, बिचारी मागे उभी असते. पुढच्या वेळी आलीस तर ठीक, नाहीतर तिला बसवते." "बसव," ती म्हणाली. तिला म्हणायचं होतं, नको बसवूस. पण जी बाई हसू शकत नाही, उभी राहू शकत नाही, तिने दोन खुर्च्यांच्या मधली ती जागा कशासाठी अडवून ठेवायची? फोन ठेवल्यावर तिला जाणवलं की टपालवालीने "बसव" ऐकल्यावर लगेच फोन ठेवला नव्हता. ती थोडी थांबली होती. त्या थांबण्यात काहीतरी बोलता आलं असतं.

पुन्हा डॉक्टरीण बाईंकडे गेली तेव्हा त्यांनी तिला वरच्या मजल्यावर पाठवलं, व्यायामवाल्या बाईंकडे. खोली लहान होती, पडदा हिरवा, खिडकीत एक कुंडी. व्यायामवाली बाई तिच्या मुलाच्या वयाची असेल, केस आखूड, हात गरम पाण्याने धुऊन आलेली. तिने आधी सगळं नीट विचारलं, पाणी किती पिता हे विचारल्यावर रागावली सुद्धा. "काकू, पाणी तोडलं की लघवी तिखट होते, आणि मग लघवीची पिशवी जास्तच चिडते. पाणी प्यायचं." मग म्हणाली, "तुम्ही काय करता ते मला बोटाने बघावं लागेल. चालेल? नको वाटलं तर मध्येच थांबवा." ती चालेल म्हणाली. छताला एक ओलीचा डाग होता, त्याच्याकडे ती बघत राहिली. "हं, आता आवळा." तिने छाती भरून घेतली, तोंड मिटलं, आणि आपला सगळा भक्तिभाव एकवटून भार दिला. "थांबा, थांबा," बाई म्हणाली. "काकू, तुम्ही ढकलताय."

"कुठे ढकलतेय?"

"खाली. माझं बोट बाहेर येतंय."

"मग दाब कसा धरणार?"

"कसला दाब?"

तेव्हा तिने सांगितलं. भात्याचं सांगितलं, फळीचं, तळव्यांचं, दुसऱ्या-तिसऱ्या वेळी कातडं बसतं ते. उताणी पडून, गुडघे वाकवून, छताच्या डागाला सांगावं तसं. बाई ऐकत होती आणि मग हसली. वाईट नाही हसली. "अहो, तो भाता वरून दाबतात. हा तळ आहे. गळतोय तो तळ. तुम्ही त्याच्यावर रोज वरून चढून बसताय. त्याला वर उचलायचंय. आणि श्वास भरून नाही, सोडत सोडत. वारा अडवतो ना आपण चारचौघांत? तसं आधी मागून, मग पुढे, आणि आत, वर. पोट, मांड्या, गाल सगळं सैल. कोणाला दिसता कामा नये." तिने केलं. काहीच झालं नाही. पुन्हा केलं. "आता," बाई हळूच म्हणाली, "आत्ता जे झालं तेच." काय झालं होतं? झोपेतल्या मांजराने कान हलवावा, एवढंच. एवढ्याशासाठी? तिच्या डोळ्यांतून पाणी आलं आणि कानांत गेलं. ते दुखण्याचं नव्हतं. इतके दिवस, इतक्या मनापासून, देवाचं नाव घेऊन, तिने स्वतःला थोडं थोडं मोडलं होतं. मनापासून केलेलं पोहोचतं, असं बुवा नेहमी म्हणायचे आणि तिने ते जन्मभर धरून ठेवलं होतं. पण शरीराला मन कुठून कळणार? त्याला दिशा तेवढी कळते. "रडू नका," बाई म्हणाली, "निम्म्या जणी असंच करतात." निम्म्या जणी! त्या कुठे असतात, आपापल्या पलंगांवर, आपापले गाल फुगवून, हे तिला क्षणभर दिसलं, आणि तेवढ्याने काही एकटेपणा कमी झाला नाही, उलट तो शहरभर पसरला.

मग ते दिवस आले ज्यांना सांगण्यासारखं काही नसतं. श्वास सोडायचा, उचलायचं, धरायचं, पूर्ण सोडून द्यायचं. सोडणंही तेवढंच शिकावं लागत होतं. काही झटपट, काही लांब. आधी पडून, मग बसून, मग ओट्याशी उभं राहून. शिंक येते आहे असं वाटलं की शिंकेच्या आधी उचलायचं, बाईंनी हे फार बजावलं होतं, आधी, नंतर नाही. पाण्याचा पेला पुन्हा हातात आला. सुरुवातीचे कित्येक आठवडे फरक शून्य, आणि फरक नसताना रोज करत राहणं याला प्रार्थनेखेरीज दुसरं नाव तिच्याजवळ नव्हतं. फक्त आता त्यात जोर नव्हता. श्वास नुसता सोडायचा म्हणजे तिला रिकामं वाटायचं, म्हणून एका सकाळी तिने त्या श्वासावर आवाज ठेवला. नुसता 'आ'. उचललं की आवाज आपोआप सरळ उभा राहायचा. इतकी वर्षं ती छातीने गात आली होती. आवाजाला खाली असा तळ असतो हे तिला कोणी सांगितलं नव्हतं. खोलीत तो आवाज भिंतीला लागून परत यायचा, एकटाच. चांगला असायचा, आणि एकटाच.

एके दिवशी दादाने काहीतरी विनोद केला, फारसा चांगलाही नव्हता, आणि ती हसली. हसण्याच्या आधी, कधी ते तिला कळलंही नाही, आत काहीतरी उचललं गेलं होतं. ती कोरडी होती. त्या आठवड्यात ती हॉलवर गेली. पिशवीत जादा कपडे होते, बाईंनीच सांगितलं होतं की थोडंफार अजून होईल, घाबरायचं नाही. पायऱ्यांवर टपालवाली भेटली, तिच्याबरोबर ती नवी, लाजरी, हातात दोघींच्या पिशव्या धरलेली. टपालवालीने तिला नखशिखांत पाहिलं. थाप मारली नाही. "घसा बरा झाला वाटतं?"

हो म्हणणं सोपं होतं. हो म्हटलं असतं तर सगळं कदाचित पूर्वीसारखं झालं असतं. "घसा नव्हताच," ती म्हणाली. नवी बाई समजून पुढे झाली. मग तिने सांगितलं. हसताना लघवी झाली त्या दिवसाचं, शालीचं, दाराचं. पायऱ्यांवर माणसं चढत होती, त्यांच्यासाठी दोघींना मध्ये मध्ये सरकावं लागत होतं. टपालवालीने सगळं ऐकून घेतलं.

"म्हणजे तू आत होतीस."

"होते."

"मी बाहेर उभी, आणि तू आत होतीस."

"वास येत होता गं..."

"मी काय वास घ्यायला आले होते?" टपालवालीचा आवाज फाटला. "मला वाटलं, हिचं माझ्याशी संपलं. घरी जाऊन मी आठवत बसले, मी काय बोलले, कधी बोलले. एवढे महिने." टपालवाली पदर सावरून आत गेली. पायरीवर ती एकटी उरली. आपलं दुखणं हे आपलंच असतं, असं ती इतके दिवस धरून चालली होती. दाराच्या दुसऱ्या बाजूलाही कोणी काहीतरी अडवून धरून उभं असेल, हे तिच्या ध्यानातच आलं नव्हतं.

घरी परत जाता आलं असतं. ती आत गेली. मागच्या रांगेत, दाराजवळची खुर्ची मिळाली. पुढे टपालवालीची मान दिसत होती, शेजारी त्या नवीचा अंबाडा. बुवांनी काय सांगितलं, कोण कशाला हसलं, तिच्यापर्यंत नीट पोहोचलं नाही. मग ध्रुपद आलं आणि सगळे उठले. तीही उठली. श्वास सुटू लागला तसं तिने आतून उचललं आणि आवाज सोडला. तो आपणहून सरळ वर गेला. सुरुवातीला एकटा, मग कोणाकोणाच्या आवाजांत मिसळत. वरच्या सुरावर किंचित ओल झाली. तिला कळलं. ती बसली नाही. पुन्हा श्वास घेतला, पुन्हा उचललं, तीच ओळ पुन्हा धरली.

पुढे टपालवालीचे खांदे गाण्याबरोबर हलत होते ते थांबले. ती वळली नाही. सगळा हॉल गात असताना ती गायची थांबून, मान किंचित मागे कलती करून उभी राहिली, दोन आवाजांपुरती जागा मोकळी ठेवून, आणि मग, पुढच्या ओळीला, तो जाडाभरडा आवाज खालून आला.